उरलेली बाटली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी लोणी काळभोरची. शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, जे येईल ते. भाषण करायची मला सवय नाही. पण मधुमेहाबद्दल बोलाल का, असं विचारलं तेव्हा नाही म्हणवलं नाही. डॉक्टरमंडळी आहाराबद्दल, व्यायामाबद्दल सांगतात आणि ते सगळं बरोबरच असतं. पण महिनाअखेरीला इन्सुलिनची बाटली संपत आली आणि डब्यात पैसे नसले की घरात काय होतं, ते दवाखान्यात बसून दिसत नाही. ते घरातल्या बाईला दिसतं. मी आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आमचं गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर. तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या दिवशी घराघरापुढे पाण्याची पिंपं भरून ठेवलेली असतात. २००६ सालच्या जूनमधली गोष्ट. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती, नुकतीच चौथीत गेलेली. वारकऱ्यांना पाणी द्यायला तिला पिंपापाशी उभी केली होती. थोड्या वेळानं शेजारच्या काकू हसत म्हणाल्या, "अगं, तुझी पोरगी वारकऱ्यांना एक पेला देते आणि स्वतः दोन पिते." मीही हसले. ऊन होतं, पोरं पाणी पितातच.

पण ती रात्री चार-चार वेळा उठायला लागली होती. नऊ वर्षांची पोरगी अंथरूण ओलं करायला लागली म्हणून मी तिला रागावलेसुद्धा. गणवेशाचा फ्रॉक मीच शिवलेला, तो महिन्याभरात खांद्यावरून उतरायला लागला. हाताखालून रोज माणसांची मापं जाणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलीचं माप कमी झालेलं कळलं नाही, याची खंत मला आजही आहे. पालखी पुढं गेली आणि दोन दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या. धाप लागल्यासारखा खोल श्वास घ्यायला लागली आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. गावातल्या डॉक्टरांनी लघवीत पट्टी बुडवून पाहिली आणि आम्हाला बसूही दिलं नाही. "आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या," एवढंच म्हणाले. पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात आठ दिवस काढले. घरी आलो तेव्हा हातात एक बाटली, दहा सिरिंजा आणि एक वही होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हिला आता रोज दोन वेळा इन्सुलिन. आयुष्यभर."

आमच्या सासूबाईंनाही साखर होती. त्या रोज गोळी घ्यायच्या. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की आजीला गोळी चालते, मग नातीला सुई कशाला? तो फरक मला समजायला वेळ लागला. आजीचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण ते पुरेसं काम करत नाही. म्हणून गोळ्यांनी, खाण्यापिण्याच्या पथ्यानं बराच काळ निभावतं. मुलीचा पहिल्या प्रकारचा. त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तिथं कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, काढा यांनी भागत नाही. बाहेरून इन्सुलिन दिलं नाही तर जीव जातो. १९२२ च्या आधी जगभर अशी मुलं काही महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत दगावत. त्या वर्षाच्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं आणि तो जगला. ज्यांनी ते शोधलं त्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पुढच्या वर्षी पेटंटचे हक्क विद्यापीठाला देऊन टाकले. घेतला तो प्रत्येकी एक डॉलर. हे औषध सगळ्यांना मिळावं, अशी त्यामागची भावना होती. हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. वाचलं तेव्हा माझ्यासमोर आमचा पैशांचा डबा उभा राहिला.

कारण २००६ मध्ये आमचा हिशेब असा होता. आमचे हे टेम्पो चालवायचे. आसपासच्या गावांतला भाजीपाला भरून पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात न्यायचा. मिळकत एक दिवस बरी, तर दुसऱ्या दिवशी डिझेलपुरतीच. माझा साधा ब्लाउज सत्तर रुपयांना होता. इन्सुलिनची बाटली एकशे चाळीसच्या आसपास पडायची. म्हणजे एका बाटलीला दोन ब्लाउज. मी सगळं असंच मोजायची. महिन्याला दोन बाटल्या, म्हणजे चार ब्लाउज. सिरिंजा, कापूस, एसटी धरून आणखी तीन. साखर तपासायची पट्टी तेव्हा पंचवीस रुपयांना एक. तीन पट्ट्या तपासल्या की एक ब्लाउज गेला. डॉक्टर म्हणायचे दिवसातून चार वेळा तपासा. आम्ही आठवड्यातून चार वेळा तपासायचो.

हे मोजणं मी मनात ठेवायला हवं होतं. पण मशिनवर बसले की मी मोठ्यानं बोलायची. "हे दोन झाले की बाटली सुटली." त्यात मला काही गैर वाटत नव्हतं. उलट वाटायचं, बघा, मी कशी निभावते.

पैशांइतकाच त्रास बाटली सांभाळण्याचा होता. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता, आणि असता तरी भारनियमनाचे दिवस ते, रोज तासन् तास वीज नसायची. एकदा शेजारी बाटल्या ठेवायला दिल्या. त्यांच्याकडच्या कुणीतरी त्या चांगल्या गार राहाव्यात म्हणून बर्फाच्या कप्प्यात सरकवल्या. इन्सुलिन गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला पूर्वीसारखं दिसतं, पण ते वापरायचं नसतं. दोन बाटल्या, चार ब्लाउज, उकिरड्यावर गेले. त्यांचा हेतू चांगला होता, त्यामुळे भांडताही येईना.

मग रुग्णालयातल्या एका परिचारिका ताईंनी मडक्याचा उपाय सांगितला. एक मोठं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं आणि त्यात प्लॅस्टिकच्या बंद डबीत बाटली. वरून ओलं फडकं. रोज सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडायचं. पाण्याची वाफ होताना मडक्यातली उष्णता जाते. आपल्या माठाचंच तत्त्व. फ्रिजइतकं थंड होत नाही, पण बाहेर अडतीस अंशांचं ऊन असताना आत पुष्कळ कमी राहतं. वापरात काढलेली बाटली साधारण महिनाभर अशी नीट टिकते. पुढे २०२१ मध्ये 'सीमेपलीकडील डॉक्टर्स' या संघटनेनं जिनिव्हा विद्यापीठाबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत दिवसा-रात्री पंचवीस ते सदतीस अंशांच्या दरम्यान तापमान बदलतं, तसं ठेवूनही उघडलेलं इन्सुलिन चार आठवडे चांगलं राहतं, असं त्यात आढळलं. म्हणजे फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाकारायचं कारण नाही. मात्र उन्हात उभ्या गाडीत, गॅसजवळ किंवा टीव्हीवर बाटली ठेवू नका. आणि बर्फाच्या कप्प्यात तर नकोच नको.

असं करत करत मुलगी मोठी झाली. स्वतः सुई टोचायला शिकली. शाळेत एकदा तिचे हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिच्या मैत्रिणीनं दप्तरातली साखरेची पुडी काढली, तर कुणीतरी तिचा हात धरला. "साखरेच्या आजाराला साखर देतेस?" मैत्रीण धीट होती. तिनं पुडी तिच्या तोंडात रिकामी केली. दहा-पंधरा मिनिटांत मुलगी बोलायला लागली. इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला, किंवा जास्त दमणूक झाली, तर साखर एकदम उतरते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, गरज पडली तर पुन्हा द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. एवढं प्रत्येक शिक्षकाला आणि प्रत्येक कंडक्टरला माहीत असावं, असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी इथं आले, ती सांगते.

२०१२ साल. दुष्काळाचं वर्ष. पाणी नाही म्हणून भाजी नाही, भाजी नाही म्हणून टेम्पोला भाडं नाही. त्यातच इंजिनचं काम निघालं. मुलगी तेव्हा दहावीत. अंगानं वाढलेली, त्यामुळे इन्सुलिनही वाढलेलं. सकाळी तीस युनिट, संध्याकाळी वीस. रोजचे पन्नास. आपल्याकडच्या साध्या बाटलीत चारशे युनिट असतात, म्हणजे एक बाटली आठ दिवस. महिन्याला चार बाटल्या, तेव्हाच्या भावानं सहाशे रुपये.

रात्री आमचं दोघांचं बोलणं व्हायचं. आवाज चढायचा. "मेकॅनिकला काय देऊ आणि औषधाला काय देऊ?" असं हे म्हणायचे. मीही काहीबाही बोलायची. भिंतीपलीकडं मुलगी अभ्यास करत असायची. आम्हाला वाटायचं, तिचं लक्ष पुस्तकात आहे.

त्या नोव्हेंबरात एक नवल झालं. महिना संपला आणि एक बाटली उरली. मी वहीत पाहिलं, साखरेचे आकडे छान होते. एकशे दहा, एकशे वीस, एकशे तीस. मला इतका आनंद झाला, काय सांगू! मी ह्यांना म्हटलं, "बघा, पोरीची तब्येत सुधारतेय. इन्सुलिन कमी लागायला लागलं." उरलेली बाटली मी मडक्यात ठेवली आणि दीडशे रुपये मेकॅनिकच्या पैशांत घातले.

डिसेंबरात मुलीला ताप आला. साधा सर्दी-ताप. दुसऱ्या दिवशी उलट्या, आणि संध्याकाळी मला तो वास आला. सहा वर्षांपूर्वीचा, पिकलेल्या फळाचा वास. त्या रात्री जे जवळ होतं त्या खासगी रुग्णालयात नेलं. साखर पाचशेच्या वर होती. शरीराला इन्सुलिन पुरेसं मिळालं नाही की साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात आम्ल साठतं. त्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. दोन दिवस अतिदक्षता विभागात, दोन दिवस बाहेर. बिल झालं अडतीस हजार.

शुद्धीवर आल्यावर तिनंच सांगितलं. दोन महिने ती सकाळी तीसच्या जागी वीस आणि संध्याकाळी वीसच्या जागी बारा युनिट भरत होती. वहीतले आकडे मनानं लिहीत होती, म्हणजे तपासणीच्या पट्ट्याही वाचत होत्या. मी रडत रडत तिला विचारलं, "असं का केलंस गं?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, मी महिन्याला किती ब्लाउज खाते?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं ते मशिनवरचं मोजणं तिनं सहा वर्षं ऐकलं होतं. आणि बाटली उरली तेव्हा मी खूश झाले होते, तेही तिनं पाहिलं होतं.

अडतीस हजार भागिले सहाशे, असा हिशेब मी नंतर केला. त्रेसष्ट महिने. चार दिवसांच्या बिलात पाच वर्षांहून जास्त काळाचं इन्सुलिन आलं असतं. एक बाटली वाचवायला गेलो, त्याची ही किंमत. आणि ही पैशांतली किंमत झाली. पोरगी वाचली, हे तिचं नशीब आणि डॉक्टरांचे हात.

यानंतर आम्ही दोघं तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो आणि पहिल्यांदा पैशांबद्दल बोललो. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यासमोर मान हलवत होतो. चार वेळा तपासता ना? हो. सुई दर वेळी नवी ना? हो. आपण गरीब दिसू नये म्हणून आम्ही खोटं बोलायचो आणि ते त्या खोट्यावर औषध ठरवायचे. त्या दिवशी मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद घेतला आणि कुठं वाचवता येईल आणि कुठं नाही, अशा दोन रकान्यांत लिहून दिलं. तो कागद आजही माझ्याकडं आहे. त्यातलं आपल्या उपयोगाचं सांगते. प्रत्येकाची गरज वेगळी असते, तेव्हा आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

पहिली गोष्ट, डोसमध्ये काटकसर नाही. कधीच नाही. आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात आजारपणात तर इन्सुलिन बंद करायचंच नाही. आपल्याकडं समजूत आहे, पोर जेवलं नाही तर सुई देऊ नये. तापात, उलट्यांत गरज कमी-जास्त होते, म्हणून अशा वेळी डॉक्टरांना फोन करून डोस ठरवायचा, पण पूर्ण थांबवायचा नाही.

दुसरी गोष्ट, इन्सुलिनचे प्रकार अनेक आहेत आणि किमतीही. पेनातलं नवं इन्सुलिन सोयीचं असतं, काहींना ते गरजेचंही असतं. पण बाटलीतलं साधं ह्यूमन इन्सुलिनही चांगलं औषध आहे, आणि त्याची किंमत सरकारी नियंत्रणाखाली आहे. २००३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच वोक्हार्ट कंपनीनं ते तेव्हाच्या औरंगाबादेत तयार करून बाजारात आणलं, पाठोपाठ बंगळुरूची बायोकॉन आली. त्याआधी आपण या औषधासाठी परदेशी कंपन्यांवर अवलंबून होतो. लांब काळ काम करणारं ग्लार्जिन इन्सुलिनही २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आलं. तेव्हा महाग इन्सुलिन परवडत नाही म्हणून अर्धं घेण्यापेक्षा, स्वस्तातलं पूर्ण द्या, असं डॉक्टरांना स्पष्ट म्हणावं. त्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, तपासणी. पट्ट्या कमी असतील तर त्या कधी वापरायच्या हे ठरवून घ्यावं. आमच्या डॉक्टरांनी वार वाटून दिले. सोमवारी उपाशीपोटी, बुधवारी दुपारच्या जेवणाआधी, शुक्रवारी रात्री, असं. शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी. ती वहीसारखी खोटी लिहिता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. रक्कम छोटी दिसते, पण रोज पट्टी वापरणाऱ्याच्या घरात ती कळते.

चौथी गोष्ट, सुया. सुई एकदाच वापरावी, हा नियम. आम्ही तो मोडत होतो हे कबूल केलं. बोथट सुईनं आणि एकाच जागी टोचत राहिल्यानं कातडीखाली गाठी होतात आणि तिथं टोचलेलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. म्हणजे सुईत वाचवलेले पैसे वाया गेलेल्या इन्सुलिनमध्ये जातात. पोट, मांड्या अशा जागा बदलत राहायच्या. आणि एकाची सुई दुसऱ्याला, अगदी घरातल्या घरातही, कधीही नाही.

पाचवी गोष्ट सांगते, ती जिवावर बेतू शकते. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिटची आणि शंभर युनिटची. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. शंभरचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नाही, पन्नास युनिट जातात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत आमच्या इथं चाळीसची बाटली मिळेना. दुकानदारानं शंभरची दिली. मी ती घेऊन आले आणि नेहमीच्या सिरिंजनं भरायला बसले. मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची. तिनं नुसतं लेबल वाचलं आणि माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी भाजीच्या गाडीच्या पासवर पुण्याला जाऊन चार दुकानं पालथी घालून चाळीसच्या बाटल्या आणल्या. तेव्हापासून घरात एक बाटली जास्तीची ठेवतो. हीच आता आमची उरलेली बाटली. संपण्याच्या तारखेकडं लक्ष ठेवायचं, जुनी आधी वापरायची. २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीनं पेनात घालायची ह्यूमन इन्सुलिनची कार्ट्रिज आपल्या देशात बंद करायचं ठरवलं, तेव्हा कितीतरी लोकांची धावपळ झाली. अशा वेळी दुकानात जे मिळेल ते घ्यायचं नाही. डॉक्टरांकडून बदलून लिहून घ्यायचं.

मदतही मिळते, पण ती विचारावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. मी सांगितलं तसा प्रसंग आला तर रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारा.  १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले आहेत. तिथं इन्सुलिनची बाटली मिळते का, याची चौकशी करा. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट काढला. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या गरीब मुलांना तिथं इन्सुलिन मिळत आलं आहे. त्याबद्दल मी पेपरात वाचलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की औषध परवडत नाही म्हणून मुलं दगावतात ही लाजेची नाही, मोठ्यानं सांगायची गोष्ट आहे.

आता सासूबाईंचं सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात त्यांच्यासारखाच मधुमेह असेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आमच्या सासूबाई काटक, शेतात राबलेल्या. "एवढ्या बारीक बाईला साखर कशी?" असं लोक विचारायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण त्या मानानं अंगात चरबी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह होतो, तो का, याचा शोध आपल्या या मातीतून असा सुरू झाला.

२०१७ मध्ये सासूबाईंच्या पायाला जखम झाली. भरेना. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आता भागत नाही, इन्सुलिन घ्या. त्या ऐकेनात. "सुई लागली म्हणजे संपलं. आणि आता या वयात माझ्यावर कशाला खर्च?" हेच शब्द. मी काही बोलायच्या आत माझी लेक त्यांच्या कॉटपाशी जाऊन बसली. म्हणाली, "आजी, मी नऊ वर्षांची असताना सुरू झालं. मी संपले का?" मग म्हणाली, "आणि खर्चाचं म्हणशील, तर एकदा मी वाचवून पाहिलंय. महाग पडतं." सासूबाईंनी हात पुढं केला. तिनं समजावलं, हातात नाही, पोटावर टोचू. जखम भरायला तीन महिने लागले. पाय वाचला.

आज ती मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. लग्न ठरवताना आम्ही पहिल्या भेटीतच सगळं सांगायचो. दोन ठिकाणांहून नकार आले. तिसऱ्या ठिकाणी मुलानं विचारलं, "बाटली कुठं ठेवायची असते?" तिथं जमलं. ती आता हडपसरला असते. तिच्या इन्सुलिनचे पैसे ती स्वतः देते, पण जास्तीची एक बाटली अजून माझ्याकडं, आता फ्रिजमध्ये असते.

मी अजून शिवते. मशिनवर बसून आता मोठ्यानं हिशेब करत नाही. किराण्याची यादी लिहिते तेव्हा सगळ्यात वर इन्सुलिन लिहिते, मग गहू, तांदूळ, तेल. पैसे कमी पडले तर यादी खालून कापायची, वरून नाही. तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आज एवढंच करा. त्यांच्याजवळ बसा, बाटलीवरची तारीख आणि वही दोन्ही बघा. आणि बाटली अपेक्षेपेक्षा जास्त दिवस पुरत असेल, तर खूश होऊ नका. का पुरतेय, ते मायेनं विचारा.